पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि सदाशिव पेठेतला दुसरा मजला

माझी मावशी ६१ वर्षांची आहे, पुण्यात सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते, बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि गेली १९ वर्षं ती घरातूनच मेस चालवतीये. एमपीएससी-यूपीएससीचा अभ्यास करणारी पोरं, दोनतीन बँकेतले लोक, असे मिळून सकाळी ४५ डबे आणि संध्याकाळी ४५. मदतीला एक ताई आहेत. दोघी मिळून दिवसाला अडीचशेच्या वर पोळ्या लाटतात, कणीक आठ किलोच्या आसपास लागते. पहाटे पाचला उठून रात्री साडेनवाला ओटा पुसेपर्यंत ती उभीच असते.

हे सगळं आधी सांगितलं कारण आता पुढचं वाक्य वाचा. हीच मावशी मागच्या आठ वर्षांत पर्वती, म्हणजे पुण्यातली ती देवळाची टेकडी, चढली नव्हती, कारण तिच्या मते तिला "झेपत नव्हतं".

मी हे प्रकरण नीट लिहून काढतोय कारण माणसाची क्षमता वगैरे विषयावर जे बोललं जातं ते बहुतेक वेळा खूप मोठ्या लोकांबद्दल असतं, आणि आपल्या घरातल्या बाईबद्दल कोणी काही मोजतच नाही. मीही मोजलं नव्हतं.

झालं असं की मागच्या जुलैमध्ये नागपूरहून माझी मामेबहीण मुलांना घेऊन आली होती, गुरुवारी आम्ही सगळे पर्वतीला गेलो. मावशी पायथ्याशीच कट्ट्यावर बसली, सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेतल्या आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते, देवाला माझा नमस्कार सांगा." कोणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही कारण ती नेहमीच खाली बसते. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद आहेत, दमछाक होते पण तशा भयंकर नाहीत.

त्या संध्याकाळी मी तिला घरी सोडायला गेलो. वाटेत मंडई घेतली, तर एका हातात सहासात किलो भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात नारळ, आणि ती माझ्या पुढे जिना चढत होती, मला फोन आला म्हणून मी मागे राहिलो आणि बोलता बोलता उगाच पायऱ्या मोजल्या. १८ आणि १८, म्हणजे ३६. वर गेल्यावर विचारलं, मावशी दिवसातनं किती वेळा होतो गं हा जिना? तिला सांगताच आलं नाही. म्हणाली ते काय मोजायचंय, काम असतं तेव्हा उतरते. मग मी दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून तिथेच बसून मोजलं. दूध, कोथिंबीरवाला, डबे खाली नेऊन ठेवणं दोनदा, रिकामे डबे वर आणणं, गिरणी, वाणी. सात वेळा. ७ गुणिले ३६ म्हणजे २५२ पायऱ्या. म्हणजे रोज जवळजवळ अडीच पर्वती, आणि त्यातल्या निम्म्या वेळा हातात ओझं.

कागदावर लिहून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण ते वेगळं रे."

माझ्या मते सगळं प्रकरण या "ते वेगळं" मध्ये आहे. कामासाठी खर्च होणारी ताकद ती ताकद म्हणून धरतच नव्हती. ताकद म्हणजे जी आपण स्वतःसाठी, हौसेसाठी वापरतो ती, आणि ती आपल्याकडे नाही, असा तिचा पक्का हिशोब होता.

आता गुडघ्याचं. गुडघे दुखतात हे खोटं नव्हतं. ५३ व्या वर्षी एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं की हाडं झिजलीत, आता चढ-उतार बंद करा. दोन मिनिटांत बोललेलं वाक्य, पण तिला ते आठ वर्षांनंतरही शब्द न् शब्द पाठ होतं. त्या डॉक्टरांना तेव्हा तसं वाटलं असेल, समोर रांग असेल, मी त्यांना दोष देत बसणार नाही. पण त्या एका वाक्याचं पुढे काय झालं बघा, पर्वती बंद, चतुःशृंगी बंद, भाचीच्या लग्नात कोकणातल्या देवळाच्या पायऱ्या बंद, पण डबे मात्र बंद झाले नाहीत कारण डबे कोण बंद करणार.

मी तिला एका फिजिओ मॅडमकडे घेऊन गेलो. खरं सांगायचं तर मी डोक्यात ठरवूनच गेलो होतो की त्या म्हणतील काही झालेलं नाहीये. तसं त्या म्हणाल्या नाहीत. सांधा झिजलाय हे खरं आहे म्हणाल्या, पण एक्स-रेमध्ये किती झीज दिसते आणि माणसाला किती दुखतं याचं गणित जुळतंच असं नाही, साठीच्या पुढच्या कित्येकांच्या एक्स-रेत असं दिसतं आणि त्यांना काही दुखत नसतं. दुसरी गोष्ट, सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, सांधा हलला, त्यावर भार आला आणि गेला की आतल्या वंगणातून तिला पोषण मिळतं. म्हणजे अजिबात भार नको हे औषध नाहीच. भार किती आणि कसा हा प्रश्न आहे, आणि मांडीचे स्नायू मजबूत असले तर तोच भार गुडघ्याला कमी जाणवतो.

मग त्यांनी एक साधी टेस्ट घेतली. हात छातीवर घडी, खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, ३० सेकंदात किती वेळा. मावशीचे ८ झाले. साठी ते चौसष्टीतल्या बायकांचे १२ ते १७ व्हायला हवेत म्हणे. मावशीचा चेहरा उतरला. मला वाटलं झालं, आता ही परत कट्ट्यावर बसणार. पण उलटं झालं. तिला पहिल्यांदा एक आकडा मिळाला होता. "झेपत नाही" याचं तुम्ही काही करू शकत नाही पण ८ चे ९ कसे करायचे हे कणीक मळणाऱ्या बाईला बरोबर कळतं.

व्यायाम फार नव्हते. खुर्चीवरून उठ-बस. भिंतीला पाठ टेकून अर्धं खाली सरकून थांबणं. बसल्या बसल्या पाय सरळ ताणून दहा आकडे धरणं, ते तिने कुकरच्या शिट्ट्यांबरोबर बसवलं, एका शिट्टीला एक पाय. टाचा उचलणं ओट्यापाशी. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून चढणं-उतरणं. सोबत एक नियम, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. व्यायाम करताना दहापैकी तीनचार इतकं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते परत आधीच्या पातळीला यायला हवं, नाही आलं तर जास्त झालंय, कमी करायचं. मावशी आठ वर्षं दुखलं की थांबायची. दुखणं आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कालनिर्णयवर रोज दोन आकडे लिहायची, उठ-बस किती आणि सकाळी दुखणं किती. दुधाच्या हिशोबाच्या खालीच.

या काळात मी तिला बरंच काही वाचून दाखवायचो. त्यातली एक गोष्ट तिला फार लागली. २००७ साली एलिया क्रम आणि एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सात हॉटेलांमधल्या खोल्या साफ करणाऱ्या ८४ बायकांचा अभ्यास केला होता. त्यांच्यातल्या निम्म्या गटाला एवढंच सांगितलं की तुम्ही रोज चादरी बदलता, फरशा पुसता, हा चांगला व्यायाम आहे आणि तब्येतीसाठी लागणाऱ्या व्यायामात तो बसतो. बाकीच्यांना काही सांगितलं नाही. चार आठवड्यांनी सांगितलेल्या गटाचं वजन आणि रक्तदाब थोडा उतरलेला होता. आता हा अभ्यास मी डोळे मिटून मानत नाही, त्या बायकांनी नंतर नकळत जास्त हालचाल केली का हे फक्त त्यांना विचारूनच ठरवलं होतं, आणि नंतर दुसऱ्यांनी केलेल्या तशाच प्रयत्नात असा फरक दिसला नाही. पण त्यातली एक गोष्ट मला तरीही खरी वाटते, की दिवसभर राबणाऱ्या त्या बायकांपैकी बऱ्याच जणींनी सुरुवातीला सांगितलं होतं, आम्ही व्यायाम करत नाही. मावशीने हे ऐकलं आणि मदतीच्या ताईंकडे बघून म्हणाली, "बघ गं, तिकडच्यांचंही आपल्यासारखंच."

याच्या उलट, मी तिला मुरलीकांत पेटकरांचं सांगितलं ते कुठे पोचलं नाही. आपल्या पुण्याशी जोडलेला माणूस. सैन्यात बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली शरीर निकामी झालं, उपचार म्हणून पोहणं सुरू केलं आणि १९७२ ला जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात पोहून सुवर्णपदक आणलं, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. मावशीने हात जोडले, डोळ्यात पाणीसुद्धा आलं, आणि म्हणाली, "फौजी माणूस तो. माझं काय." तेव्हा मला अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं आठवलं, १९७७ मध्ये त्याने मांडलं होतं की "मला हे जमेल" हा विश्वास मुख्यतः चार ठिकाणांहून येतो, आणि सगळ्यात पक्का येतो तो स्वतः केलेल्या गोष्टीतून. त्यानंतर आपल्यासारख्याच कोणाला तरी करताना बघून. नुसतं तू करू शकतेस म्हणून पाठ थोपटणं त्याच्या मागे, आणि चौथं म्हणजे धाप, धडधड, थकवा याचा आपण काय अर्थ लावतो ते. पेटकर मावशीला आपल्यासारखे वाटलेच नाहीत, म्हणून प्रेरणा वगैरे झाली नाही, फक्त आदर वाटला. मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना आपण हे विसरतो असं मला फार वाटतं.

सहा आठवड्यांत ८ चे ११ झाले. श्रावणातल्या एका सोमवारी ती पर्वती चढली. मध्ये तीनदा थांबली, वर देवदेवेश्वरासमोर बसली, खाली पसरलेलं पुणं बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर आपली पेठ कुठल्या बाजूला रे. अजून आठवलं तरी बरं वाटतं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं आणि मग मी माती खाल्ली. गणपतीत मेसची धावपळ, व्यायाम निम्मे बुडलेले, आणि गणपती उठल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला वेताळ टेकडीला नेलं. तिला उतरताना दुखत होतं, ती दोनदा म्हणाली, मी म्हटलं थोडंच राहिलंय. त्या रात्री उजवा गुडघा सुजला. बारा दिवस डबे खाली न्यायला मी आणि त्या ताई. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, पण कालनिर्णयवर बारा दिवस रिकामे होते आणि ते माझ्यामुळे होते. माणसाच्या मर्यादा फक्त मनात असतात असं जे म्हणतात ना, ते मला त्या बारा दिवसांनंतर कधीच म्हणता आलं नाही. शरीराला खरी मर्यादा असते, ती आज कुठे आहे हे बघून तिच्या जरासं पलीकडे जायचं असतं, आणि मी तिच्याऐवजी माझ्या उत्साहाने ते ठरवलं. फिजिओ मॅडमनी मलाच बसवून समजावलं की सपाट चालण्यापेक्षा जिन्यावर गुडघ्यावर जास्त भार येतो, वजनाच्या तिप्पट, आणि उतरताना तर साडेतीनपटीच्या घरात जातो, दमलेले स्नायू तो झेलत नाहीत.

ऑक्टोबर संपता संपता ती स्वतःच म्हणाली, सिंहगड. लग्नाआधी मैत्रिणींबरोबर गेली होती, त्यानंतर गाडीनेच.

मी हिशोब केला. पायथ्याच्या आतकरवाडीतून वर साधारण ६०० मीटर चढ आहे. तिचा दुसरा मजला म्हणजे सहा मीटर. म्हणजे घराचा जिना एका दमात शंभर वेळा. हे आधीच्या अडीच पर्वतीसारखं सोपं गणित नव्हतं, आणि ते मी तिच्यापासून लपवलं नाही. पण खरी अडचण चढाची नव्हतीच. अडचण ही की जायचं कधी. मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी, पण रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण, त्यात सकाळ गेली. बाकी सगळे दिवस दोन्ही वेळा डबे. १९ वर्षांत मेस बंद राहिली ती दिवाळीला आणि घरात कोणी गेलं तेव्हाच. स्वतःच्या हौसेसाठी ४५ पोरांचा सकाळचा डबा बंद ठेवायचा हे तिच्या तोंडून निघेना. शेवटी नोव्हेंबरच्या एका गुरुवारसाठी तिने खाली जिन्यापाशी जो छोटा फळा असतो त्यावर लिहिलं, "उद्या सकाळी डबा नाही, नातेवाइकांकडे कार्य आहे."

त्या दिवशी ती अर्ध्यावरून परत आली. धाप लागली होती, पाय थरथरत होते, एका ताक-सरबताच्या टपरीपाशी बसली आणि म्हणाली, बास, आता जीवच नाहीये पायात. मी या वेळी काही बोललो नाही. हळूहळू उतरलो. आणि संध्याकाळी तिने मला फोन केला तर मागून पोळपाटाचा आवाज येत होता. ४५ डबे, रोजच्या वेळेला.

यावर मी खूप विचार केला. जपानचे मिचिओ इकाई आणि अमेरिकेचे आर्थर स्टाइनहाउस या संशोधकांचा १९६१ चा एक प्रयोग आहे, लोकांना हाताने पूर्ण ताकद लावायला सांगितली आणि मध्येच मागे अचानक पिस्तुलाचा बार काढला, किंवा त्यांनाच जोरात ओरडायला लावलं, तर "पूर्ण" ताकद आणखी वाढली. म्हणजे आधीची पूर्ण नव्हतीच, मेंदूने थोडी मागे धरली होती. हे मागे धरणं संरक्षणासाठीच असतं, सुजलेला गुडघा बघितल्यावर मला त्याचा आदरच वाटतो. पण मावशीचा मेंदू सिंहगडावर मागे धरत होता आणि संध्याकाळी डब्यांसाठी सोडत होता. मला वाटतं त्याचं कारण त्या फळ्यावरचं वाक्य होतं. खोटं सांगून, लपून आलेली होती ती, अर्धं मन पोरांच्या डब्यात. माझा अंदाज आहे हा, सिद्ध नाही करू शकणार.

पुन्हा दोन महिने व्यायाम. डिसेंबरअखेर ३० सेकंदात १४. आणि जानेवारीत एका बुधवारी मी तिच्याकडे गेलो तर फळ्यावर खडूने लिहिलेलं, तिच्या त्या गोल अक्षरात, "उद्या सकाळचा डबा नाही. मी सिंहगड चढायला जातीये." खाली कोणीतरी पोराने लिहिलं होतं, काकू ऑल द बेस्ट. रात्री आठदहा पोरं डबा घ्यायला आली तेव्हा एकानेही कुरकुर केली नाही, उलट दोघं म्हणाले आम्ही येतो, पाणी आम्ही उचलतो.

सकाळी सहाला पायथा सोडला. थंडी चांगली होती. मावशीने दोन्ही हातात काठ्या घेतल्या होत्या, ठरलेलं होतं की वीस मिनिटं चाल आणि तीन मिनिटं थांबायचं, दम लागो न लागो. मागच्या वेळी जिथून परतलो त्या टपरीपाशी ती थांबली, पाय तसेच थरथरत होते. तेवढ्यात खालून एक आजी आल्या. गडावर दही-ताक विकणाऱ्या. मावशीपेक्षा मोठ्याच असतील, डोक्यावर पाटी, पाटीत मडकी, पायात साधी चप्पल. मावशीने विचारलं, रोज चढता? त्या म्हणाल्या, "मग. न चढून कुणाला सांगती." आणि थांबल्या पण नाहीत.

मावशी त्यांच्या पाठमोऱ्या पाटीकडे बघत राहिली. मग उठली. मला म्हणाली, "बाई माझ्यासारखीच आहे की रे."

दोन तास पन्नास मिनिटांनी पुणे दरवाजा. पोरांनी फोटो काढले, तिने दरवाज्याच्या दगडाला हात लावून नमस्कार केला आणि पहिली त्या आजींना शोधायला निघाली. देवटाक्याच्या पुढे सापडल्या. मडक्यातलं दही खाल्लं दोन दोन, पिठलं-भाकरी खाल्ली, मावशीने भाकरी उलटी करून कशी भाजलीये ते तपासलं आणि चांगली आहे म्हणाली, तिच्याकडून ही मोठी पावती आहे. उतरताना आम्ही वडापच्या जीपने आलो, ते आधीपासूनच ठरलेलं होतं. काही नातेवाईक म्हणाले जीपने उतरलात म्हणजे अर्धाच गड झाला. मला हे अजिबात पटत नाही. कुठला भार आज घ्यायचा आणि कुठला नाही हे तिने स्वतः ठरवलं, जे मी टेकडीवर तिला ठरवू दिलं नव्हतं.

आजची स्थिती. एक्स-रे परत काढला नाही, काढला तर तसाच दिसेल असं मॅडम म्हणाल्या. गुडघा अजून दुखतो, रविवारी फीस्टनंतर जास्त. कालनिर्णयवर सकाळचं दुखणं बहुतेक दोन असतं, आधी पाच असायचं. महिन्यातून एक गुरुवार सकाळचा डबा बंद असतो, पोरांना तो दिवस आता माहीत झालाय, ती आदल्या दिवशी दुपारीच कुठे बाहेर खायचं ते ठरवून टाकतात. मदतीच्या ताईसुद्धा पर्वतीला येतात.

मागच्या आठवड्यात मावशी म्हणाली, राजगड. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या चढायला हरकत नाही पण तिथून उतरायला जीप नाही, तेव्हा आधी उतरायची तयारी. म्हणून रोज संध्याकाळी डबे गेले की मावशी जिन्यात खालून तिसऱ्या पायरीवर उभी राहते, एक हात कठड्याला, आणि एक पाय हळूच खाली टेकवून परत वर घेते. दोन्ही पायांचे वीस वीस. डबा घ्यायला उशिरा येणारी पोरं बाजूने जाताना मोजून देतात.